माडावरचे दोन भुंगे: गेंड्या कोंब कुरतडतो, सोंड्या माड आडवा करतो

पहिला पाऊस झाला की घराच्या पडवीतल्या दिव्यावर मोठा काळा भुंगा येऊन आपटतो. डोक्यावर शिंग, अंग चकचकीत. पोरं त्याला दोरा बांधून फिरवतात. हा गेंड्या भुंगा. दुसरा एक भुंगा त्याच वाडीत असतो, पण तो असा दारात येऊन आपटत नाही. विटकरी लाल रंगाचा, पुढे लांब सोंड असलेला. तो सोंड्या भुंगा. माडाला भुंगा लागला, असं आपण सरसकट म्हणतो, पण कुठला लागला हे कळल्याशिवाय केलेला खर्च बऱ्याचदा पाण्यात जातो. एकाचं बिऱ्हाड गायरीत असतं आणि दुसऱ्याचं माडाच्या पोटात. औषध गायरीत टाकायचं की खोडात, हे तिथेच ठरतं.

बाणवली माड लावल्यापासून नारळ धरायला सहा ते आठ वर्षं लागतात आणि त्यानंतर तो ऐंशी वर्षंही उभा राहतो. म्हणजे आजोबांनी लावलेल्या माडाचे नारळ नातू काढतो. असा माड दोन-तीन महिन्यांत शेंड्यातून मोडून पडला की नवा लावून हाती नारळ यायला पुन्हा तेवढीच वर्षं. म्हणून हे दोन भुंगे वेगवेगळे ओळखता येणं गरजेचं आहे.

हातात धरून बघा

गेंड्या अंगाने जाड, काळा किंवा काळपट तपकिरी, साधारण दीड ते दोन इंच लांब. डोक्यावर मागे वळलेलं शिंग असतं. ते नराचं मोठं आणि मादीचं आखूड. शिंगावरून नर-मादी ठरवताना चूक होऊ शकते, त्यापेक्षा भुंगा उलटा करून शेपटाकडचा भाग बघावा. तिथे तांबूस केसांचा दाट झुपका असेल तर ती मादी.

सोंड्या त्याच्यापेक्षा बारीक, सव्वा ते दीड इंचाचा. रंग तांबडा-विटकरी, मानेमागच्या भागावर काळे ठिपके. तोंड पुढे सोंडेसारखं वाढलेलं. धान्यातला सोंडकिडा सगळ्यांनी बघितलेला असतो, त्याच्याच घराण्यातला हा मोठा भाऊ. याच्यात नराच्या सोंडेवर बारीक केसांचा ब्रश असतो, मादीची सोंड गुळगुळीत आणि थोडी बारीक असते.

अळ्यांमधला फरक त्याहून सोपा आहे आणि कामाचाही तोच. गायरी उपसताना बोटाएवढ्या जाड, पांढऱ्या, वळून इंग्रजी 'सी' सारख्या पडलेल्या अळ्या निघतात. डोकं तपकिरी आणि डोक्याजवळ पायांच्या तीन जोड्या. या गेंड्याच्या असू शकतात. सोंड्याच्या अळीला पायच नसतात. ती पिवळसर पांढरी, मधे फुगलेली, आणि ती मिळते ती जिवंत माडाचं खोड किंवा शेंडा फोडल्यावर. एक घोळ मात्र होतो. मरून कुजलेल्या माडाच्या ओंडक्यात गेंड्याही अंडी घालतो, त्यामुळे तिथे दोन्हीकडच्या अळ्या सापडू शकतात. पाय आहेत की नाहीत एवढं बघितलं की घोळ संपला.

जाता जाता एक गोष्ट. शेणखतात दिसणारी प्रत्येक पांढरी अळी गेंड्याची नसते आणि प्रत्येक अळी ही उसातली हुमणीही नसते. हुमणीची अळी आकाराने लहान असते आणि जमिनीत पिकाची जिवंत मुळं खाते. गेंड्याची अळी कुजलेलं खत आणि लाकूड खाते, माडाच्या मुळाला हात लावत नाही.

गेंड्याचं काम कसं चालतं

मादी शेणखतात, पालापाचोळ्याच्या ढिगात, कुजलेल्या ओंडक्यात अंडी घालते. एक मादी साधारण शंभर अंडी देते. दहा-पंधरा दिवसांत अळी बाहेर येते आणि तीन-चार महिने खत खात वाढते. मग कोष आणि त्यातून भुंगा. अंड्यापासून भुंग्यापर्यंत पाच-सहा महिने जातात. या सगळ्या काळात माडाला काहीच होत नाही. नुकसान करतो तो फक्त मोठा झालेला भुंगा, तोही रात्री.

तो उडून शेंड्यावर बसतो आणि कोंबाच्या बुडातून, जिथे झापाचा देठ खोडाला चिकटतो त्या खाचेतून आत पोखरत जातो. रस पितो आणि चोथा बाहेर ढकलतो. भोकाच्या तोंडाशी हा चावलेला भुसा लटकलेला दिसतो. कोंबात झाप अजून घडी घालून बसलेलं असतं, त्या घडीतून तो आरपार जातो. गणपतीच्या माटवीसाठी कागदाची घडी घालून कात्री मारली की उलगडल्यावर दोन्ही बाजूंना सारखी नक्षी दिसते ना, तसंच इथे होतं. झाप उमललं की पाती कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसतात. हे कापलेलं झाप गेंड्याची सही समजावी. पण झाप उमलायला वेळ लागतो, म्हणजे आपल्याला आज दिसतं ते नुकसान काही आठवड्यांपूर्वीचं असतं.

एक-दोन झापं कापली गेली म्हणून मोठा माड मरत नाही. मात्र पोय उमलायच्या आधीच भोक पडलं तर ती सुकते आणि तेवढे नारळ गेले. नव्या लागवडीचं दुखणं वेगळं. दोन-तीन वर्षांच्या रोपाला एकच कोंब असतो. तो आतून खाल्ला गेला तर रोप वाकडं वाढतं किंवा मरतं.

सोंड्याचं काम आतून

सोंड्याची मादी अंडी घालायला ताजी जखम शोधते. माडावर चढण्यासाठी कोयत्याने पाडलेल्या खाचा, झाप ओढून काढल्यावर उघडा पडलेला भाग, गवत कापायच्या मशीनने बुंध्याला बसलेला मार, आणि गेंड्याने पाडलेली भोकं. माडाच्या ताज्या रसाच्या वासावर ती येते, सोंडेने खड्डा करते आणि त्यात एकेक अंडं ठेवते. एका मादीची दोनशे-तीनशे अंडी सहज होतात. तीन-चार दिवसांत अळी निघते आणि सरळ आत शिरते.

पुढचे साधारण दोन महिने ती माडाचा मऊ गाभा खाते. माडाला आंब्यासारखी साल आणि नवीन फांद्या फुटण्याची सोय नसते. वाढीचा कोंब एकच, शेंड्यात. तो गेला की माड गेला. अळी पूर्ण वाढली की माडाचेच तंतू गुंडाळून दोरीच्या गुंडाळीसारखा कोष करते, त्यातून दोन-तीन आठवड्यांत भुंगा येतो आणि पुष्कळदा बाहेर उडून न जाता त्याच माडात पुन्हा अंडी घालतो. एका माडात अंडी, अळ्या, कोष, भुंगे सगळं एकाच वेळी सापडतं ते यामुळे. तीन-चार महिन्यांत एक पिढी होते आणि वर्षभर हे चालू असतं, पावसाळ्यापुरतं नाही.

पाच ते वीस वर्षांचे माड याला जास्त बळी पडतात, कारण त्यांचं खोड अजून पूर्ण कडक झालेलं नसतं. बुटक्या आणि संकरित जातींमध्ये तर जास्तच काळजी घ्यावी लागते. म्हणजे नेमके जे माड नुकते नारळ धरायला लागलेत, तेच.

बाहेरून काय दिसतं? सुरुवातीला जवळपास काहीच नाही. मग खोडावर किंवा शेंड्याजवळ छोटी भोकं आणि त्यातून गळणारा तपकिरी, घट्ट, आंबूस वासाचा रस. भोकातून चावलेले तंतू बाहेर आलेले. झापांचे देठ बुडाशी तडकलेले. कधी झापाच्या बेचक्यात किंवा माडाखाली रिकामे कोष पडलेले. आणि शेवटी मधली कोवळी झापं मलूल होऊन पिवळी पडतात, तोपर्यंत आतला बराच भाग संपलेला असतो. पुढे शेंडा एका बाजूला कलतो आणि वाऱ्याच्या एका झोताने खाली येतो. बरेच लोक म्हणतात, वादळात माड पडला. पडलेल्या शेंड्याच्या आत बघावं, कधी कधी वादळाचा दोष नसतो.

शांत वेळी खोडाला कान लावला तर अळ्यांचा कुरकुर असा आवाज ऐकू येतो. ही ऐकीव गोष्ट नाही. कृषी शास्त्रज्ञ याच आवाजावर चालणारी यंत्रं वापरतात आणि आखाती देशांत खजुराच्या बागांत वास घेणारे कुत्रेही शिकवून तयार केले आहेत. दक्षिण आशियातला हा सोंड्या १९८०च्या दशकात आखातात पोचला आणि तिथून पुढे स्पेन, इटलीपर्यंत गेला. कोकणातले जे लोक दुबई-सौदीला आहेत त्यांनी तिथल्या खजुरांच्या बुंध्याशी बादलीसारखे सापळे लावलेले पाहिले असतील. ते याच भुंग्यासाठी.

मोठा गुन्हेगार कोण?

नुसतं नुकसान मोजलं तर सोंड्या. माड मारतो तो. पण वाडीचा हिशेब एवढ्यावर संपत नाही. सोंड्याला आत शिरायला जखम लागते आणि शेंड्यातली सगळ्यात सोयीची जखम गेंड्याच करून ठेवतो. त्याच भोकातून पावसाचं पाणी जाऊन कोंब कुजण्याचा बुरशीजन्य रोगही बळावतो. म्हणजे गेंड्या दार उघडतो आणि घर लुटतो दुसराच. ज्याच्याकडे वेळ आणि पैसा थोडा आहे त्याने आधी गेंड्यावर लक्ष दिलं तर सोंड्याचंही अर्धं काम अडतं.

कोंब कुजणे आणि सोंड्या यात गोंधळ होतो, तो इथेच मिटवू. कोंब कुजला असेल तर मधलं कोवळं पान हलकं ओढताच हातात येतं, बुडाला कुजका घाण वास असतो आणि चावलेले तंतू कुठेच नसतात. त्याला कुजका भाग खरवडून बोर्डो पेस्ट लावतात. भुंग्याचं औषध तिथे उपयोगी नाही.

गेंड्यासाठी: गायरीपासून सुरुवात

कोकणात शेतात शेणखत नेण्याचं काम उन्हाळ्याच्या शेवटी होतं. गेंड्या मारायची तीच सर्वांत चांगली वेळ. गायरी उपसताना निघालेल्या अळ्या वेचून मारायच्या. घरच्या कोंबड्या सोडल्या तर त्याही हातभार लावतात. अळ्यांसकट खत माडाच्या आळ्यात टाकलं तर भुंगे आपणच माडाखाली नेऊन सोडले असं होतं.

गायरीत मेटॅरायझियम ही हिरवी बुरशी टाकता येते. ही बुरशी अळीच्या अंगावर वाढते, अळी मरते आणि मेलेली अळी हिरवी पडते. खत ओलसर असेल तरच बुरशी जगते, त्यामुळे कडक उन्हात कोरड्या ढिगावर टाकून उपयोग नाही. प्रमाण पाकिटावर दिलेलं असतं, तेच पाळावं. माणसाला, गुरांना किंवा खताला यापासून अपाय नाही.

शेंड्यात बसलेला भुंगा लोखंडी आकडीने काढतात. पाडेली नारळ काढायला चढलेलाच असतो, त्याला आकडी बरोबर द्यावी आणि ताजा भुसा दिसेल त्या भोकात फिरवायला सांगावी. वर चढणारा माणूस हाच वाडीचा डॉक्टर असतो, खालून बघून शेंड्यातलं कळत नाही. त्याच फेरीत वरच्या तीन झापांच्या बेचक्यात निंबोळी पेंड आणि तेवढीच बारीक वाळू मिसळून भरावी. पेंडीची मात्रा एका माडाला साधारण पाव किलो. पावसाळ्याआधी एकदा आणि पाऊस ओसरल्यावर पुन्हा. पेंडीच्या वासाने आणि कडू चवीने भुंगा टाळतो, वाळू त्याच्या सांध्यात जाऊन त्रास देते. लहान रोपांना डांबराच्या गोळ्या बेचक्यात ठेवून वर वाळू घालतात, दर दीड महिन्याने नव्या घालाव्या लागतात. किनाऱ्यावरच्या गावांत आणखी सोपं साधन आहे: मासेमारीचं टाकाऊ बारीक जाळं कोवळ्या कोंबाभोवती सैल गुंडाळलं तर भुंगा त्यात अडकतो. फक्त नवीन पान वर येताना जाळं सरकवायला विसरू नये.

या भुंग्याला घालवण्याचा एक मोठा प्रयोग पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटावर झाला. १९०९ साली श्रीलंकेहून आलेल्या रबराच्या रोपांबरोबर गेंड्या तिथे पोचला आणि नारळावर जगणाऱ्या त्या बेटांना त्याने जेरीस आणलं. १९६३ मध्ये मलेशियात या भुंग्याला होणारा एक विषाणूजन्य रोग सापडला. १९६७ मध्ये तो सामोआत सोडला आणि भुंगा आटोक्यात आला. आपल्याकडेही तोच विषाणू वापरतात. प्रयोगशाळेत आजारी केलेले भुंगे वाडीत सोडतात, ते इतरांना लागण करतात. केरळात कासरगोडला असलेल्या केंद्रीय रोपवन पिके संशोधन संस्थेने यावर बरंच काम केलं आहे. पण २००७ मध्ये ग्वाम बेटावर अशा गेंड्याची एक जात दिसली की जिच्यावर हा विषाणू चालत नाही, त्यामुळे जगभर पुन्हा शोध चालू आहे.

सोंड्यासाठी: जखम होऊ देऊ नका

हिरवं झाप तोडायचं असेल तर खोडाला लागून तोडू नये. चार फूट देठ ठेवून तोडावं. सोंड्याने त्या तोडलेल्या टोकाला अंडी घातली तरी देठ वाळतो आणि अळी खोडापर्यंत पोचत नाही. दिसायला वाडी जरा गबाळी दिसते, दिसू दे. खोडावर चढण्यासाठी खाचा पाडू नयेत, शिडी किंवा माडावर चढायचं यंत्र वापरावं. जखम झालीच तर त्याच दिवशी डांबर लावावं. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलं तर मादी येऊन गेलेली असू शकते.

लागण लवकर कळली तर माड वाचतो. खोडावरची खालची भोकं चिखलाने किंवा सिमेंटने बुजवायची, सगळ्यात वरचं भोक मोकळं ठेवून त्यात नरसाळ्याने कीटकनाशकाचं द्रावण सोडायचं आणि मग तेही बंद करायचं. शेंड्यात लागण असेल तर शेंडा साफ करून तिथे द्रावण ओततात. कुठलं औषध, किती, आणि नंतर किती दिवस नारळ किंवा शहाळी काढायची नाहीत, हे गावच्या कृषी सहाय्यकाला विचारूनच ठरवावं. दुकानदाराच्या अंदाजावर नको. औषध घालण्याआधी तयार नारळ उतरवून घ्यावेत. रॉकेल, पेट्रोल ओतण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो, त्याने कोवळा कोंबच भाजतो. रत्नागिरीजवळ भाट्ये इथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे, तिथेही सल्ला मिळतो.

सापळा कुठे लावायचा

कामगंध सापळे दोन्ही भुंग्यांसाठी मिळतात, पण वासाची वडी वेगवेगळी असते. गेंड्याच्या वडीवर सोंड्या येत नाही. दुकानात मागताना भुंग्याचं नाव सांगूनच मागावी. हा वास नर सोडतो, पण त्यावर नर आणि मादी दोघंही येतात, हा मोठा फायदा. सोंड्याच्या बादलीत वडीबरोबर उसाचे किंवा अननसाचे तुकडे, थोडं यीस्ट आणि पाणी घालावं लागतं. आंबलेला वास नसेल तर नुसत्या वडीला भुंगे कमी येतात. पाणी आटलं की पडलेला भुंगा उडून जातो, म्हणून आठवड्याला एकदा बादली बघावी.

सापळा लहान माडांच्या मधोमध टांगणं ही नेहमी होणारी चूक आहे. वासावर आलेले सगळे भुंगे बादलीत पडत नाहीत, काही शेजारच्या माडावर बसतात. सापळा वाडीच्या कडेला, कोवळ्या माडांपासून लांब लावावा. हेक्टरला एक सापळा पुरतो. एकट्याने लावला तर आजूबाजूच्या वाड्यांतले भुंगेही आपल्याकडे येतात, त्यामुळे वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून, एकाच आठवड्यात लावलेले बरे.

इथे कोकणातली खरी अडचण येते. भाऊबंद मुंबईला, घर बंद, वाडी सामायिक. शेंडा गळून नुसता खांब उरलेला माड वर्षानुवर्षं उभा असतो, कारण तो तोडायला परवानगी कोणाची घ्यायची हेच ठरत नाही. असा उभा कुजका माड म्हणजे गेंड्याची अंडी घालायची जागा. बाजूच्या वाडीवाल्याने कितीही निंबोळी पेंड घातली तरी भुंगे तिथून येतच राहणार. गणपतीला किंवा मे महिन्यात चाकरमानी गावात आले की हा विषय काढावा आणि मेलेले माड त्याच सुट्टीत तोडून घ्यावेत. तोडल्यावर ओंडका तसाच वाडीत टाकून देऊ नये. फोडून, वाळवून जाळावा. सोंड्याने मेलेला माड असेल तर शेंडा आणि पोखरलेला भाग त्याच दिवशी फोडून आतल्या अळ्या, कोषांसकट जाळून टाकावा, कारण कोषातले भुंगे माड आडवा झाला तरी बाहेर पडतात आणि संध्याकाळपर्यंत शेजारच्या माडावर जाऊ शकतात.